गोवळकोंड्याहून चिनी महालात

शाळेची सहल वेरूळला निघाली की वाटेत दौलताबादचा किल्ला लागतोच. पोरे चांद मिनारासमोर फोटो काढतात, मेंढा तोफेवरून हात फिरवतात, अंधारी वाटेत मुद्दाम किंचाळतात आणि दमून खाली उतरतात. या धावपळीत एक पडकी इमारत बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तिच्या भिंतींवर कुठे कुठे निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्यांचे तुकडे अजून चिकटून आहेत. त्यांच्यामुळेच तिला चिनी महाल म्हणतात. नावात महाल असला तरी पुढे तिचा उपयोग कैदखाना म्हणून झाला. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन कुतुबशाह या वास्तूत बारा-तेरा वर्षे नजरकैदेत राहिला आणि कैदेतच वारला.

त्या काळी जगाच्या बाजारात हिरा म्हटला की गोवळकोंड्याचे नाव निघे. कृष्णेच्या काठी कोल्लूरला हिऱ्यांच्या खाणी होत्या. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये तिथे जाऊन आला आणि त्याने त्याचे वर्णन लिहून ठेवले. मच्छलीपट्टणच्या बंदरातून कापड परदेशी जाई. १५९१ मध्ये वसवलेले हैदराबाद शंभर वर्षांच्या आत दख्खनमधल्या सर्वांत श्रीमंत शहरांपैकी एक झाले होते. या सगळ्याचा मालक असलेला माणूस एका किल्ल्यातल्या एका इमारतीत येऊन राहिला. माणसाचे घर एवढे आकसले, की त्याच्याजवळ उरते काय?

अबुल हसनच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर त्याच्या सिंहासनाच्याही आधी जावे लागते.

तो कुतुबशाही घराण्याच्या नात्यातला होता, पण गादीच्या जवळचा कुणी नव्हता. तरुणपणी त्याने घरादाराचा नाद सोडला आणि हैदराबादेतल्या शाह राजू या सूफी पिरांच्या खानकाहमध्ये जाऊन राहिला. शाह राजू हे गुलबर्ग्याच्या ख्वाजा बंदे नवाज गेसूदराज यांच्या वंशातले. त्यांच्याकडे श्रीमंत-गरीब, सगळ्या थरांतली माणसे येत. खानकाहमधले जगणे म्हणजे सामाईक जगणे. दस्तरखान एकच, जे शिजेल ते सगळ्यांनी वाटून खायचे. स्वतःचे म्हणावे असे अंगावरचे कपडे आणि झोपायची जागा. त्यातही पाहुणा फकीर आला तर ती जागाही आवरून द्यायची. पिरांनी या मुरिदाला लाडाने तानाशाह म्हणायला सुरुवात केली, असे सांगतात. त्या नावाचा अर्थ बालसंत असा लावला जातो. आज हिंदीत हुकूमशहाला तानाशाह म्हणतात; एका पिराने मायेने दिलेल्या नावाचे शब्दकोशात असे भलतेच झाले.

मोगल चाकरीतला इतिहासकार खाफी खान मात्र त्याच्या या फकिरीविषयी फार आदराने लिहीत नाही. त्याच्या मते हा तरुण उनाड होता आणि घरच्यांना नकोसा झाल्यामुळे फकिरांत जाऊन बसला. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. पिराच्या दारात येणारा प्रत्येक जण काही पुण्यात्मा म्हणून येत नाही. बरेच जण दुसरीकडे थारा नाही म्हणून येतात आणि मग तिथे रमतात.

या फकिराचा राजा कसा झाला, ते एखाद्या वगनाट्यात शोभेल असे आहे. अब्दुल्ला कुतुबशाहला मुलगा नव्हता, तीन मुली होत्या. थोरलीचा नवरा दरबारातला वजनदार सय्यद. दुसरी औरंगजेबाचा थोरला मुलगा मुहम्मद सुलतान याला दिलेली. तिसरीचे लग्न सय्यद सुलतान नावाच्या तरुणाशी ठरले, तयारी झाली, आणि ऐन वेळी थोरल्या जावयाने पाय आडवा घातला. हे लग्न झाले तर आपण राज्य सोडून मोगलांकडे जाऊ, असे त्याने बजावले. मांडव सजलेला, नवरी तयार, आणि नवरदेव बदलायची वेळ आली. तेव्हा कुणाला तरी खानकाहमधल्या त्या नातेवाइकाची आठवण झाली. अबुल हसनला बोलावून आणले, न्हाऊ घातले, भारी पोशाख चढवला आणि बोहल्यावर उभे केले. अशा रीतीने औरंगजेबाचा मुलगा त्याचा साडू झाला. १६७२ मध्ये अब्दुल्ला कुतुबशाह वारला आणि हा धाकटा जावई गादीवर बसला. कुतुबशाही घराण्यातला तो आठवा आणि शेवटचा सुलतान.

गादीवर आल्यावर त्याने फकिरी चालवली, असे म्हणणे खोटे ठरेल. त्याला गाणे आवडे, नाच आवडे, अत्तरे, बागा, मेजवान्या आवडत. हैदराबादेतला गोशामहल त्याच्याच काळातला. कारभार त्याने मादण्णा आणि आकण्णा या दोन ब्राह्मण भावांवर सोपवला होता. मादण्णा पंत म्हणजे राज्याचा मुख्य वजीर. मुसलमान सुलतानाच्या राज्यात सगळी सूत्रे हिंदू वजिराच्या हाती आहेत, ही गोष्ट औरंगजेबाच्या मनात सलत होती आणि दरबारातल्या काही सरदारांच्याही.

कुचिपुडी गावच्या नर्तकांचा खेळ पाहून खूश झालेल्या तानाशाहने १६७८ मध्ये त्यांना ते गावच इनाम दिले, अशी तिथली परंपरा सांगते. त्या गावाच्या नावाचा नाच आज जगभर शिकवला जातो.

मराठी माणसाला अबुल हसन ठाऊक असतो तो शिवाजी महाराजांच्या भागानगरच्या भेटीमुळे. चंदगड तालुक्यातला पारगड १६७६ च्या सुमारास महाराजांनी वसवला आणि तानाजींचा मुलगा रायबा मालुसरे याला तिथे किल्लेदार नेमले. त्यानंतर थोड्याच काळात, १६७७ च्या सुरुवातीला, महाराज कर्नाटकच्या स्वारीसाठी निघाले ते आधी भागानगरला, म्हणजे हैदराबादला गेले. शहर सजवले होते, रस्त्यांत गर्दी लोटली होती. महाराज तिथे सुमारे महिनाभर होते. तह ठरला, स्वारीच्या खर्चासाठी रोज ३,००० होन द्यायचे कुतुबशाहने कबूल केले, तोफखानाही दिला. येसाजी कंकांनी सुलतानाच्या हत्तीशी झुंज घेतल्याची गोष्ट याच भेटीतली म्हणून सांगितली जाते. दोन्ही बाजूंना ठाऊक होते, की उत्तरेकडून येणारे वादळ एकेकट्याला आवरणार नाही.

याच काळातली भद्राचलमची गोष्ट तर तेलुगू घराघरांत आहे. मादण्णाचा भाचा गोपण्णा हा भद्राचलम भागाचा तहसीलदार. त्याने सरकारी वसुलाच्या पैशातून गोदावरीकाठी रामाचे देऊळ बांधले. हिशेबात पैसे भरले नाहीत म्हणून सुलतानाने त्याला गोवळकोंड्याच्या कैदखान्यात टाकले. बारा वर्षे तो तिथे होता, असे सांगतात. ती कोठडी आजही पर्यटकांना दाखवतात. भिंतीवर राम-लक्ष्मण-हनुमंतांच्या आकृती कोरलेल्या आहेत. भक्तांची श्रद्धा अशी, की राम-लक्ष्मणांनी स्वतः येऊन सुलतानाला रक्कम चुकती केली आणि तेव्हा गोपण्णा सुटला. हाच भक्त रामदास. सुलतानाला पश्चात्ताप झाला आणि दर रामनवमीला भद्राचलमला मोती पाठवायची प्रथा त्याने सुरू केली.

दुसऱ्याला इतकी वर्षे कोठडीत ठेवणाऱ्या या माणसाच्या नशिबात पुढे जवळपास तेवढीच कैद लिहिलेली होती.

१६८५ च्या ऑक्टोबरात मोगल फौजा शहजादा शाह आलमच्या हाताखाली हैदराबादवर चालून आल्या. गोवळकोंड्याचा मुख्य सेनापतीच फितूर होऊन मोगलांना मिळाला. बातमी येताच अबुल हसनने कुणाला विचारले नाही, सरदारांना बोलावले नाही. जितके हाताला लागले तितके जडजवाहीर आणि होनांच्या पेट्या घेऊन तो मूठभर नोकरांसह रातोरात गोवळकोंड्याच्या किल्ल्यात शिरला. शहरात त्याच्या नात्यातल्या बायका होत्या, प्रजा होती, व्यापाऱ्यांचा माल होता. सगळे उघड्यावर पडले. सकाळी लोक किल्ल्याकडे धावत सुटले. एका हाताने पोर आणि दुसऱ्या हाताने बायकोला धरून माणसे पळत होती. मागे लूट सुरू झाली. महालातले आणि हवेल्यांतले गालिचे इतके मोठे आणि जड होते, की उचलता येईनात. मग लुटारूंनी ते तलवारींनी आणि खंजिरांनी कापले, आणि एकेका तुकड्यासाठी झोंबाझोंबी झाली.

घर सोडायची एक तऱ्हा ही. काय न्यावे आणि काय ठेवावे याचा विचार नाही. पेटी दिसली की उचलायची आणि माणसे मागे राहिली तरी वळून बघायचे नाही. खानकाहमध्ये शिकलेले त्या रात्री तो पार विसरला होता. तेरा वर्षांच्या राजवैभवात माणूस केवढा जड होतो, याचा दाखला म्हणूनच ती रात्र लक्षात ठेवावी लागते.

त्यानंतर जे झाले त्याने त्याला हलवले असणार. १६८६ च्या मार्चमध्ये दरबारातल्या सरदारांनी आणि जनानखान्यातल्या वजनदार बायकांनी मिळून कट केला. सगळ्या अरिष्टाचे खापर मादण्णा-आकण्णांवर फोडले गेले. दरबारातून घरी निघालेल्या दोघा भावांना रस्त्यात गाठून मारले. त्यांची मुंडकी मोगलांकडे पाठवली. ज्यांच्या जिवावर चौदा वर्षांचे राज्य चालले त्यांना सुलतान वाचवू शकला नाही. त्याच वर्षी विजापूर पडले. १६८७ च्या सुरुवातीला स्वतः औरंगजेब गोवळकोंड्याच्या तटाखाली येऊन बसला.

वेढा आठ महिने चालला. त्या वर्षी दख्खनमध्ये अवर्षण होते, दुष्काळाबरोबर रोगराई होती. किल्ल्याबाहेर मोगल छावणीत माणसे आणि जनावरे उपाशी मरत होती. किल्ल्यात मात्र कोठारे भरलेली. जून महिन्यात किल्ल्यातल्या लोकांनी छापा घालून काही मोगल सरदार पकडून आणले. अबुल हसनने त्यांना बेड्या घातल्या नाहीत. त्यांना आपली धान्याची कोठारे आणि खजिना फिरून दाखवला, मानाची वस्त्रे दिली आणि निरोप देऊन परत पाठवले. निरोप असा, की तह होत असेल तर खंडणी देतोच. आणि बादशहाला वेढा चालवायचाच असेल तरी उपाशी फौजेसाठी पाच-सहा लाख मण धान्य पाठवायला आपण तयार आहोत. यात राजकारण नव्हते असे नाही. कोठारे दाखवणे म्हणजे आम्ही अजून बरेच दिवस टिकू, हे सांगणेही होते. पण दोन वर्षांपूर्वी होनांच्या पेट्या कवटाळून पळालेला माणूस आता शत्रूच्या तोंडी घास घालायची भाषा करत होता, एवढे खरे. औरंगजेबाने ते मानले नाही.

२१ सप्टेंबर १६८७ च्या पहाटे, तीनच्या सुमारास, अब्दुल्ला खान पनी नावाच्या फितूर सरदाराने किल्ल्याचा चोरदरवाजा उघडला. मोगल आत घुसले. अब्दुर रज्जाक लारी हा एकटा इमानदार सरदार, घोड्यावर खोगीरही नीट न घालता, दहा-बारा माणसांनिशी त्यांच्यावर तुटून पडला. अंगावर सत्तरएक जखमा झाल्या, शुद्ध हरपली, तरी तो वाचला. मोगलांनीच पुढे त्याच्यावर उपचार केले.

महालात ही बातमी पोहोचली तेव्हा अबुल हसन पळाला नाही. खाफी खानाने त्या पहाटेचे जे वर्णन केले आहे ते वाचण्यासारखे आहे, आणि विशेष हे, की त्याच्या चैनीवर सडकून लिहिणाऱ्या लेखणीतूनच ते उतरले आहे. अबुल हसन आधी जनानखान्यात गेला. रडणाऱ्या बायकांची समजूत काढली, प्रत्येकीकडे कळत-नकळत झालेल्या चुकांची माफी मागितली, निरोप घेतला. मग दिवाणखान्यात येऊन आपल्या मसनदीवर बसला आणि बिनबोलावलेल्या पाहुण्यांची वाट पाहू लागला. जेवायची वेळ झाली तेव्हा खाना मांडायला सांगितला. रुहुल्ला खान आणि इतर मोगल सरदार आत आले तर त्याने आपण होऊन सलाम केला, बसवून घेतले, उजाडेपर्यंत त्यांच्याशी शांतपणे बोलत बसला. दस्तरखान अंथरला गेला तेव्हा त्यांनाही जेवायला बसवले. काही बसले, काहींना संकोच वाटला. अशा वेळी घास घशाखाली उतरतो तरी कसा, असे त्यांच्यातल्या एकाने विचारलेच. त्यावर त्याने सांगितले त्याचा आशय असा, की आपले सुरुवातीचे दिवस गरिबीत गेले. मग ध्यानीमनी नसताना अल्लाहने राज्य दिले, ते भोगले. आता ते दुसऱ्याच्या हाती जात आहे, तर देणाऱ्याविषयी तक्रार कशाची करायची?

जेवण उरकल्यावर त्याने घोडा मागवला. गळ्यात मोत्यांचा कंठा होता. सरदारांबरोबर तो शहजादा आझमच्या तंबूपाशी गेला आणि गळ्यातला कंठा काढून त्याने शहजाद्याला दिला. शहजाद्याने तो घेतला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला धीर दिला.

किल्ल्यातून मोगलांना मिळालेली रोकडच सात कोटी रुपयांच्या घरात होती. सोन्याचांदीची भांडी आणि जवाहीर त्याखेरीज. राज्याचा वार्षिक वसूल २ कोटी ८७ लाख रुपये. अबुल हसनला काही काळाने दौलताबादला पाठवले आणि वर्षाला ५०,००० रुपये नेमून दिले. राज्याचा वसूल म्हणजे काही राजाचा घरखर्च नव्हे. तरी आकडे शेजारी ठेवून पाहिले तर पूर्वीच्या रुपयाला आता पाव पैसाही येत नव्हता. ज्याच्या एका गावच्या इनामात नर्तकांची पिढ्यान् पिढ्या सोय झाली, त्याला तटाबाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती.

चंदगड, आजरा, गडहिंग्लज भागातल्या जुन्या लोकांना घर आकसण्याचा अनुभव वेगळ्या रीतीने आहे. माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली तेव्हा गावकरी मंडळाच्या एका खोलीत वीस-पंचवीस जण राहत. प्रत्येकाच्या वाट्याला एक ट्रंक, एक वळकटी आणि भिंतीवरची एक खुंटी. पाळी बदलली की एकाने उठायचे, दुसऱ्याने त्याच जागी पडायचे. गावाकडे परसदार, गोठा, माळा असलेल्या माणसांनी त्या खोलीत तीस-तीस वर्षे काढली. त्यांच्या मागे गाव होते, परतायची वाट होती. चिनी महालातल्या कैद्याला परतायला कुठे जागाच उरली नव्हती. त्याचे राज्य मोगलांचा सुभा झाले होते.

दौलताबादच्या त्या वर्षांत बंडाची, पलायनाची किंवा दयेच्या अर्जांची अशी मोठी हकिकत त्याच्या नावावर नाही. गादी गमावलेले राजे सहसा स्वस्थ बसत नाहीत. कारस्थाने करतात, नाही तर झुरतात. हा बारा-तेरा वर्षे तग धरून राहिला. राजवाड्यात जन्मलेल्याला कदाचित हे जमले नसते. अबुल हसनला चटईची ओळख सिंहासनाच्या आधीची होती. मध्ये ती विसरला, १६८५ च्या रात्री तर साफ विसरला, पण पूर्वी एकदा थोडक्यात राहिलेल्या माणसाला ते पुन्हा नव्याने शिकावे लागत नाही.

१७०० च्या आगेमागे तो वारला. गोवळकोंड्याच्या किल्ल्याजवळ कुतुबशाही सुलतानांचे भव्य घुमट आहेत. बागेत एकापाठोपाठ एक मकबरे उभे आहेत. त्या रांगेत शेवटच्या सुलतानाची कबर नाही. दौलताबादहून घाट चढून दहा-बारा किलोमीटर गेले की खुलताबाद लागते. तिथे सय्यद राजू कत्ताल यांच्या दर्ग्यापाशी त्याला साधी जागा मिळाली. हे राजू कत्ताल म्हणजे ख्वाजा बंदे नवाजांचे वडील, मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली त्या काळात दिल्लीहून आलेले. म्हणजे ज्या पिरांच्या खानकाहमध्ये अबुल हसन तरुणपणी राहिला, त्यांच्याच पूर्वजांच्या अंगणात तो अखेरीस आला.

त्याला जिंकणारा बादशहा १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वारला आणि त्यालाही खुलताबादलाच आणले. त्याचीही मूळ कबर साधी, वर छत नसलेली. एकाच गावात, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, दोघे आहेत.

भद्राचलमला मात्र मोती अजून जातात. दर रामनवमीला सीता-रामाच्या लग्नाच्या अक्षतांत मिसळायचे मोती आणि रेशमी वस्त्रे आता राज्य सरकारच्या वतीने पाठवली जातात, तानाशाहच्या वेळेपासूनची प्रथा म्हणून.